शुक्रवारी चालणारा लूम

"साहेब, लाईट न्हाय ना?" हिराजीने पुन्हा विचारलं.

"नाही रे बाबा. फीडर बंद आहे. तूच विचारून आलास ना सबस्टेशनला?"

"मंग आत काय चाललंय?"

आम्ही दोघं नारपोलीतल्या एका लूम-शेडच्या बंद दारासमोर उभे होतो. भर दुपार, वर चांगलं ऊन. आणि आतून आवाज येत होता. खट. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा खट. त्याच्या मागे एक बारीक घुमणारा सूर, दाढ दुखताना डोक्यात भरून राहतो तसला.

हिराजी माझा लाईनमन. राहनाळचा, उंचापुरा, गळ्यात काळा दोरा. भर पावसात पोलवर चढणारा माणूस. त्या दिवशी तो दाराला हात लावायला तयार नव्हता.

मी तेव्हा भिवंडीत वीजखात्यात ज्युनियर इंजिनियर होतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भिवंडीत शुक्रवारी लूमची लाईट बंद असायची. फीडर म्हणजे सबस्टेशनमधून एका भागाकडे जाणारी मोठी लाईन. तीच बंद केली की त्या भागातले सगळे लूम एकदम गप्प. बाहेरच्या माणसाला वाटेल, वा, काय छान शांतता. छान कसली? सहा दिवस खटखट ऐकून कान बधिर झालेले असतात. सातव्या दिवशी ती थांबली की कानात आपलंच रक्त वाजायला लागतं. लोक उगाच मोठ्याने बोलतात, मग स्वतःच दचकतात. भिवंडीतली तान्ही पोरं इतर दिवशी पाळण्यात मस्त झोपायची आणि शुक्रवारी रडायची. मी स्वतः पाहिलंय.

अशा शांततेत एकच लूम वाजत असेल तर सगळ्या आळीला ऐकू जातो.

कम्प्लेंट सकाळी आली होती. आमचे डेप्युटी साहेब ती वाचून खदाखदा हसले. "लाईट नसताना लूम चालतो म्हणे. चोरी आहे. जा, पकड."

"फीडर बंद असताना चोरी कुठून करणार, साहेब?"

"ते तू शोध. इंजिनियर तू आहेस ना? मी तर फक्त सह्या करतो."

कम्प्लेंट करणारीचं नाव होतं शमीम. हसनभाईंची मुलगी. हसनभाई त्या शेडचे मालक, जुन्या कोकणी मुसलमान घरातले. स्वतः मालक असून एक लूम स्वतः चालवायचे. जानेवारीत छातीत दुखायला लागलं आणि गेले. खाली शेड, वर घर. घरात आता दोघीच, शमीम आणि तिची आई जुबेदाबी.

आम्ही दार वाजवणार तोच वरून जुबेदाबींचा आवाज आला. "साहेब, वर या. चहा घ्या. पण आत्ता खाली नका जाऊ. ते आलेत."

हिराजीने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघंही पळालो असतो.

वर गेलो. जुबेदाबी शांत होत्या. नवरा जेवायला आलाय आणि पाहुणे अवेळी टपकलेत, इतक्या साध्या सुरात बोलत होत्या. "दर जुम्म्याला येतात. नमाज झाली की. आधी नाही, नंतरच. कारागीर पण ऐकतात. म्हणतात, भाईजान आते हैं, आणि शुक्रवारी शेडच्या ओट्यावरसुद्धा बसत नाहीत."

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून. त्यांच्या लूमला आम्ही हात लावलेला नाही. जसा सोडून गेले तसाच आहे, कपडा अर्धा विणलेला. मी सांगून ठेवलंय, कुणी हात लावायचा नाही म्हणून."

"आणि तुम्ही?"

"मी लावते. लूमच्या बाजूच्या चाकावर हात ठेवते. मग ते हात धरतात माझा."

"धरतात म्हणजे?"

"धरतात म्हणजे धरतात, साहेब. मुंग्या येतात हाताला. खांद्यापर्यंत. आणि चाक फिरायला लागतं."

चहाचा कप माझ्या हातात होता. तो मी खाली ठेवला. मला भुताची भीती वाटली नाही. मुंग्या हा शब्द ऐकून वाटली. खांद्यापर्यंत मुंग्या म्हणजे काय, हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात कळतं. ज्याला कळत नाही त्याचा फोटो ऑफिसात लागतो.

शमीम दाराशी उभी होती. सडपातळ, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. तिने आईसमोरच सगळं सांगितलं. बारावीला तिला भरघोस मार्क पडले होते. दोन ठिकाणी नंबर लागला होता आणि दोन्ही ठिकाणी नंबर लागणं म्हणजे खायचं काम नव्हतं. एक मुंबईचं जुनं कॉलेज, तिथे टेक्स्टाईल. रोज जाऊन येऊन करता आलं असतं, शिकून शेड सांभाळता आली असती. दुसरं दूर उत्तरेतलं मोठं विद्यापीठ, तिथे इलेक्ट्रिकल. हॉस्टेलला राहायचं, वर्षातून दोनदा घरी. लिव्हिंग सर्टिफिकेटची ओरिजनल प्रत एकच असते. जिथे ती जमा केली, तिथले तुम्ही. दुसरं दार बंद. आणि ती पुढच्या आठवड्यात जमा करायची होती.

"मग अडचण काय?" मी विचारलं.

"अडचण काही नाही," जुबेदाबी म्हणाल्या. "मी त्यांना विचारलं. चाकावर हात ठेवून विचारलं, पोरीला मुंबईला घालू? चाक सीधं फिरलं. विचारलं, लांब पाठवू? तर उलटं फिरलं. दर जुम्म्याला विचारते. दर वेळी तेच."

हिराजीने गळ्यातला दोरा धरला.

लूम उलटा फिरणं हे तिकडे अशुभच. उलटा फिरला की विणलेला कपडा बिघडतो, धागे तुटतात. लूमवाल्याच्या घरात कुठलं काम बिनसलं की म्हणतात, उलटा चल गया. त्यामुळे बापाचा लूम "लांब" म्हटल्यावर उलटा फिरतो, याच्यापुढे कुठली पोर काय बोलणार?

पण ही बोलली. जिन्यात मला गाठून हळू आवाजात म्हणाली, "साहेब, अब्बांचं मत मला नको असं नाही. त्यांनी नाही म्हटलं तर मी जाणार नाही. पण ते त्यांचंच मत आहे का, तेवढं बघा."

म्हणून पोरीने वीजखात्याकडे कम्प्लेंट केली होती. मौलवीकडे नाही, मामाकडे नाही. मला ती तिथेच आवडली.

शेडचं दार उघडलं. आत अंधार, तेलाचा आणि सुताचा वास. दोन्ही बाजूंना लूमच्या रांगा, गप्प. सगळ्यात शेवटी भिंतीशी हसनभाईंचा लूम. सूर तिथूनच येत होता. जवळ गेलो तसा तो पायांतून जाणवायला लागला. अर्धा विणलेला पांढरा कपडा किंचित थरथरत होता. वारा नव्हता. बाकी एकाही लूमवरचा कपडा हलत नव्हता. मी एक पाऊल मागे घेतलं. खोटं कशाला बोलू?

"साहेब, चला," हिराजी कुजबुजला. "लिवून टाका काय सापडला न्हाय म्हणून."

"गप. टेस्टर दे."

लूमच्या लोखंडाला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा मिणमिणला.

"या अल्ला," मागून जुबेदाबी म्हणाल्या. त्या आमच्या मागोमाग खाली आल्या होत्या, ते मला कळलंच नव्हतं.

"मागे व्हा!" मी असा ओरडलो की शेडमध्ये घुमलं. "तिथेच थांबा. पायाखाली काय आहे? फळी? फळीवरच राहा."

त्या दर शुक्रवारी त्याच फळीवर उभ्या राहायच्या. कारागीर उभा राहतो ती लाकडी फळी. त्या लाकडाने त्या जिवंत होत्या. एखाद्या दिवशी ओल्या पायाने, जमिनीवर उभं राहून हात ठेवला असता, तर शमीमला दोन्हीपैकी कुठलंच कॉलेज दिसलं नसतं. मला रागच आला. कोणावर ते कळेना.

लूमचा स्विच बंदच होता. म्हणजे आमच्या लाईनचा प्रश्नच नव्हता. मोटरला हात लावला, चांगली तापलेली. मी स्विचचा डबा उघडला.

डब्यात दोन पाहुण्या तारा होत्या. त्या आमच्या मीटरकडून आल्या नव्हत्या. भिंतीतल्या एका भोकातून आत येत होत्या, डब्यात त्यांना जोड दिलेला होता आणि तिथून दुसऱ्या दोन तारा वर, छपराकडे जात होत्या. जोड उघडे पडले होते. एकेक जोड मोटरच्या एकेका टोकाला टेकला होता, आणि त्यातला एक डब्याच्या पत्र्यालाही लागत होता. खाली कपड्याचा भुगा आणि उंदराच्या लेंड्या.

तो भुगा मी चिमटीत धरला आणि जोड कसे उघडे पडले ते समजलं. इलेक्ट्रिशियन जोडावर इन्सुलेशन टेप गुंडाळतो. या माणसाने गुंडाळली होती लूमवरून फाडलेली किनार. कोऱ्या कपड्याची पट्टी. आता कोऱ्या कपड्याच्या सुताला कांजी असते, विणताना तुटू नये म्हणून लावलेली. कांजी म्हणजे उंदराला पंगत. जानेवारीपासून त्या लूमला कुणी हात लावला नव्हता. उंदरांना निवांतपणा मिळाला. मेपर्यंत त्यांनी जोड चाटून पुसून उघडे केले.

"या तारा कुठून येतात?" मी विचारलं.

भिंतीपलीकडे सायझिंग होतं, म्हणजे सुताला कांजी लावायचा कारखाना. शुक्रवारी लाईट नसली की ते मागच्या अंगणातला आपला जनरेटर चालवायचे; इकडे त्याची नुसती बारीक घरघर यायची. मी भिंतीवरून हाक मारली. जनरेटरवाला डोकावला, डोक्यावर टोपी तशीच.

"जनरेटर कब चालू करते हो?"

"जुम्मे की नमाज पढ़के आता हूँ, तब. क्यों साहब?"

"और ये तार?"

"वो तो हसनभाई ने खुद डाला था. बच्ची की बारहवीं थी ना. बोले, जुम्मे को उसका पढ़ना रुकता है, एक बत्ती का करंट दे दो."

मागे वळलो. शमीम तोंडावर ओढणी धरून उभी होती. "शुक्रवारचा दिवा," ती म्हणाली. "माझ्या टेबलावर. परीक्षा झाल्यावर लावलाच नाही मी. सायझिंगवरून येतो एवढं माहीत होतं. तार खाली कुठून जाते ते कधी विचारलंच नाही."

"जा वर. लाव तो दिवा."

ती धावत गेली. वरच्या फळ्यांच्या फटीतून पिवळा उजेड खाली पडला, थेट हसनभाईंच्या लूमवर. जुबेदाबी त्या उजेडाकडे बघत राहिल्या.

आता मुख्य काम राहिलं होतं. जनरेटर थोडा वेळ बंद करायला लावला, पत्र्याला लागणारा जोड सोडवला, टेप मारली. जनरेटर परत चालू. टेस्टर लावला. लोखंड थंड. मोटर मात्र अजून घुमतच होती, कारण तेवढं मी मुद्दाम ठेवलं होतं. मग हिराजीचे रबरी हातमोजे काढून जुबेदाबींना दिले.

"हे घाला. आणि नेहमी करता तसंच करा."

"साहेब, हे पाप हाय," हिराजी पुटपुटला.

"तू गप रे!"

त्यांच्या लहानशा हातात ते कोपरापर्यंतचे मोजे. त्यांनी चाकावर हात ठेवला. थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या तेव्हा डोळे भरलेले.

"हात नाही धरला त्यांनी."

बत्तीस प्रकारच्या मोटरी उघडलेला माणूस मी, पण "ती करंटची गळती होती, ताई" असं मी म्हटलं नाही. शेवटी काम सांगायला लागलो. कामाचं बोलता येतं.

"ताई, ऐका. लूमच्या मोटरला तीन फेज लागतात, म्हणजे तीन तारांवरून करंट. तीन जणांनी ओढायचं गाडं समजा. इथे तिला एकच मिळतोय. तेवढ्यावर ती स्वतःहून फिरू शकत नाही. नुसती जागच्या जागी घुमते, फार तर थरथरून मधूनच एखादा खट. पण कुणी हाताने जरासा धक्का दिला ना, की फिरायला लागते. आणि ज्या बाजूला धक्का द्याल त्या बाजूला. तिचं स्वतःचं काही म्हणणं नसतं."

मी चाक आपल्याकडे ओढलं. लूम आळसावल्यासारखा सीधा चालला. खट. खट. थांबवलं. पलीकडे ढकललं. उलटा.

"आता तुम्ही विचारा. मनात विचारा, मोठ्याने नको. आणि फक्त स्वतःच्या हाताकडे बघा."

त्यांनी हात ठेवला. पहिल्यांदा चाक त्यांच्याकडे आलं, सीधं. मग थांबवलं, पुन्हा हात ठेवला. बराच वेळ काही झालं नाही. मग हात दचकल्यासारखा पुढे गेला. पोराला विस्तवाजवळून ढकलावं तसा. लूम उलटा फिरला.

"जवळ म्हटलं की मी ओढते," त्या म्हणाल्या. "लांब म्हटलं की ढकलते."

शमीम जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन उभी होती.

"म्हणजे ते काही म्हणत नव्हते. मीच म्हणत होते." मग एकदम पोरीवर चिडल्या. "तुला कळलं होतं ना? मग आईला सांगायचं नाही? साहेबांना बोलावून तमाशा करायचा?"

"मी सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस, अम्मी?"

"नसतं ऐकलं," जुबेदाबी म्हणाल्या. आणि तिथेच फळीवर बसून रडल्या. जानेवारीपासून रडल्या नसाव्यात, तशा रडल्या. शमीम त्यांना धरून बसली. मी आणि हिराजी दुसऱ्या लूमची तपासणी केल्यासारखं करत राहिलो. त्याच्या नाकातूनही सूं सूं आवाज येत होता.

मी पक्कड काढली. "ताई, ही तार मला काढावी लागेल. अशी ठेवता येत नाही."

"थांबा." त्यांनी डोळे पुसले, उठल्या, मोजे नीट वर ओढले. वरून दिव्याचा उजेड पडतच होता. "पोरीचं शिकणं थांबू नये म्हणून त्यांनी भिंत फोडली. एवढं तर त्यांचंच आहे ना, साहेब? यात माझा हात नाही ना?"

"नाही. हे सगळं त्यांचंच. जोडसुद्धा. असला जोड दुसरं कुणी देणार नाही."

त्या हसल्या. मग चाकावर हात ठेवला. या वेळी काही विचारलं नाही. पोरीकडे बघितलं आणि चाक दोन्ही हातांनी, जोर लावून, आपल्यापासून लांब ढकललं. लूम उलटा फिरायला लागला. खट. खट. कपड्याचे दोन-तीन धागे ताडकन तुटले.

"तुटू दे," त्या म्हणाल्या. "काढा आता तार."

जनरेटर पुन्हा बंद करायला लावून मी ती काढली. सूर थांबला, वरचा उजेड गेला. आळीत इतकी शांतता झाली की पलीकडच्या जनरेटरवाल्याने "क्या हुआ?" म्हणून विचारलं.

शमीमने सर्टिफिकेट उत्तरेला जमा केलं. जायच्या आधी ऑफिसात भेटायला आली. डेप्युटी साहेबांनी तिला विचारलं, "चोर सापडला का?" ती म्हणाली, "हो, उंदीर." साहेब पुन्हा खदाखदा हसले.

मी तिला दारापर्यंत सोडायला गेलो. तिथे ती थांबली. "साहेब, एक विचारू? मोटर स्वतःहून कधीच सुरू होत नाही? कुणाचा तरी हात लागतोच?"

"एका फेजवर? धक्का लागतोच. का गं?"

"मे महिन्यातल्या त्या पहिल्या शुक्रवारी अम्मी खाली गेलीच नव्हती. शेडला बाहेरून कुलूप होतं. आम्ही दोघी वर होतो, ती झोपली होती. लूम चालू झाला तो मी ऐकला." ओढणीचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं गेलं. "आमच्या कानांना कळतं, सीधा चालतोय की उलटा. तो उलटा चालत होता. अम्मीने शेवटी ढकलला तसा, लांब."

"मग आईला का नाही सांगितलंस? तुझं काम झालं असतं की."

"ते मला सोयीचं होतं, म्हणून," ती म्हणाली. "सोयीचं असलं की भरवसा ठेवू नये."

मी म्हटलं, उंदीर मोटरच्या पट्ट्यावर पडला असेल. बसतो कधी कधी तेवढा धक्का. ती म्हणाली, "हो, उंदीरच असेल." आणि गेली.

ती पुढे इलेक्ट्रिकल इंजिनियर झाली. जुबेदाबींनी शेड चालवली आणि बरी चालवली. मी रजिस्टरात लिहिलं, "दोष सापडला, दूर केला." तेवढ्याचा मला पगार होता. तुम्हाला एवढंच सांगतो, जोडावर टेपच लावा, कांजीचा कपडा नको. आणि घुमणाऱ्या मोटरला किंवा बारावी झालेल्या पोराला हात लावायच्या आधी आपला हात कुठे ओढतोय ते बघा. त्या पहिल्या शुक्रवारचं मात्र मला विचारू नका. हिराजीला विचारा. तो निवृत्त होईपर्यंत शुक्रवारी नारपोलीला गेला नाही.